दोन रंगांत अख्खं प्रेझेंटेशन : रेकॉर्डच्या कव्हरवरून स्लाइडची थीम

संगीतावरून प्रेझेंटेशनची थीम करायची म्हटलं की बहुतेक जण आधी चित्रं शोधायला लागतात. मग मागे फिकट स्वरचिन्हं, कोपऱ्यात काळी तबकडी, शीर्षकाला एखादा लफ्फेदार फॉन्ट, आणि या सगळ्यावर नेहमीचेच सहा मुद्दे. तिसऱ्या स्लाइडपर्यंत ती तबकडी कुणाला दिसेनाशी होते, उरते फक्त गर्दी. रेकॉर्डच्या कव्हरवरून उचलायचे असतात ते नियम. रंग किती वापरले, अक्षरं केवढी घेतली, जागा कुठे मोकळी सोडली, फोटो कुठे कापला. हे नियम हाताला लागले की थीम उभी राहते, आणि मग ती सोसायटीच्या जमाखर्चालाही चालते.

इथे आपण अमेरिकेतल्या ब्लू नोट या जॅझ कंपनीची १९५० आणि ६० च्या दशकांतली कव्हरं समोर ठेवून अशी एक थीम पहिल्यापासून बनवू. जॅझ ऐकत नसाल तरी काही अडत नाही. ही कव्हरं करणारे रीड माइल्स स्वतः जॅझचे फारसे शौकीन नव्हते, त्यांचा ओढा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताकडे होता. पायऱ्या पॉवरपॉइंटमधल्या आहेत. गूगल स्लाइड्समध्ये जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

एकच कव्हर नको, मालिका घ्या

नवखा माणूस आपल्या सगळ्यात लाडक्या कव्हरपासून सुरुवात करतो. पण एका कव्हरमध्ये बहुतेकदा एकच कल्पना असते. जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचा १९७९ चा 'अननोन प्लेझर्स' घ्या. काळ्यावर पांढऱ्या रेषांची डोंगररांग. टी-शर्टांमुळे ती आता बँडचं नाव न ऐकलेल्यांच्याही ओळखीची झाली आहे. मुळात तो एका पल्सार ताऱ्याच्या रेडिओ स्पंदनांचा आलेख, खगोलशास्त्राच्या एका कोशातून घेतलेला. पीटर सॅव्हिल यांनी त्याचे रंग उलटे करून कव्हरवर लावला. शीर्षकाच्या स्लाइडवर अशी गोष्ट झकास दिसेल. पण सतराव्या स्लाइडवर, जिथे खर्चाचा तक्ता आहे, तिथे या डोंगररांगेचं काय करणार?

दुसरं टोक म्हणजे १९६६ च्या सुमाराची सॅन फ्रान्सिस्कोमधली पोस्टरं. वेस विल्सन यांनी फिलमोर सभागृहातल्या कार्यक्रमांसाठी केलेल्या पोस्टरांवर अक्षरं अशी वितळलेली असतात की ती लावत लावत वाचावी लागतात. भिंतीसमोर उभं राहून ते करायला मजा येते. सभेत स्लाइड अर्ध्या मिनिटात पुढे सरकते, तिथे हा छंद परवडत नाही.

ब्लू नोटचं तसं नाही. कंपनी १९३९ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली. ती ज्यांच्या नावाने ओळखली गेली ते आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ हे दोघे बर्लिनहून आलेले जुने मित्र. वुल्फ यांच्या हातात कॅमेरा असे. रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालू असताना ते वादकांचे फोटो काढत. १९५६ च्या सुमारास माइल्स आले आणि १९६७ पर्यंत त्यांनी जवळजवळ ५०० कव्हरं केली. एका कव्हरचे ५० डॉलर मिळत आणि छपाईला बहुधा एक किंवा दोन रंग, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. म्हणजे एक फोटो, थोडी अक्षरं, काळा आणि सोबतीला एखादा रंग. तेवढ्या सामानात ५०० कव्हरं, आणि तरी दुकानात लांबून बघितलं तरी ब्लू नोट ओळखू यावी. आपल्याला तीस स्लाइडींसाठी नेमकं हेच हवं आहे.

कव्हरं समोर मांडा आणि नियम लिहून काढा

इंटरनेटवरून या काळातली दहा-बारा कव्हरं घ्या आणि एका कोऱ्या स्लाइडवर लहान लहान करून ओळीने मांडा. ही स्लाइड फक्त तुमच्या अभ्यासासाठी, पुढे ती काढून टाकायची आहे. मोठं करून बघायचा मोह आवरा. चित्रं अंगठ्याएवढी असली की तपशील गळून पडतात आणि मांडणी दिसायला लागते.

चार कव्हरं जरा जवळून बघू.

लॅरी यंग यांचा 'युनिटी'. नावच मोठ्या अक्षरांत, आणि त्यातल्या पहिल्या अक्षराच्या वाटीत चार ठिपके. वादक चार. बस्स, एवढंच. फोटो नाही, वाद्य नाही, तरी चौघांची एकी दिसते.

जॅकी मॅकलीन यांचा 'इट्स टाइम!'. शीर्षकात एक उद्गारचिन्ह आहे. माइल्स यांनी अख्खं कव्हर उद्गारचिन्हांच्या रांगांनी भरून टाकलं आणि वादकाचा फोटो कोपऱ्यात चिमुकला ठेवला. एकच खूण, पण ती इतक्यांदा की तिचं पोत होऊन जातं.

सॉनी क्लार्क यांचा 'कूल स्ट्रटिन'. रस्त्यावरून चाललेल्या बाईचे फक्त पाय. माणूस कापून टाकला, चाल तेवढी ठेवली.

आणि जॉन कोल्ट्रेन यांचा 'ब्लू ट्रेन'. वुल्फ यांनी टिपलेला विचारात गढलेला चेहरा, सगळा निळ्या छटेत. एका रंगात छापलेला साधा फोटो, पण त्या रंगानेच अख्ख्या कव्हरची वेळ आणि हवा ठरते.

आता कागद घ्या आणि नियम लिहा. माझ्या कागदावर हे उतरतात: काळा, कागदाचा पांढरा आणि एकच रंग. अक्षर हेच चित्र. एका पानावर एकच मोठी गोष्ट, बाकी सगळं लहान. मधलं माप जवळपास नाहीच. फोटो एका छटेत आणि बेधडक कापलेला. मोकळी जागा भरायची नाही. तुमच्या कागदावर आणखी एखादा येईल, येऊ द्या. मात्र पाच-सहाच्या वर गेलात तर कव्हरं नक्कल करायला घेतली आहेत असं समजा.

नमुन्यासाठी एक विषय

थीम हवेत बनवू नका, एखादा खरा विषय धरून बनवा. मी मुद्दाम रुक्ष विषय घेतो: सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पाण्याच्या गळतीबद्दल करायचं प्रेझेंटेशन. शीर्षक, 'पाणी कुठे मुरतं?'. सभासदांच्या मनात आधीपासून हाच प्रश्न असतो, दोन्ही अर्थांनी.

चौकोन आधी बसवा

रेकॉर्डचं कव्हर चौकोनी असतं, साधारण ३१ सेंटिमीटर बाय ३१. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड ३३.८७ सेंटिमीटर रुंद आणि १९.०५ उंच. कव्हर ताणून स्लाइडभर पसरायचं नाही. स्लाइडच्या उंचीएवढा १९.०५ चा चौकोन डावीकडे धरा, उजवीकडे १४.८२ सेंटिमीटरची उभी पट्टी उरते. चौकोनात फोटो किंवा मोठं अक्षर, पट्टीत मजकूर. या एका वाटणीवर जवळजवळ सगळ्या स्लाइडी बेतता येतात, आणि नेहमीच्या 'वर शीर्षक, खाली मुद्दे' या साच्यातून सुटकाही होते.

व्ह्यू टॅबमध्ये स्लाइड मास्टर उघडा. गूगल स्लाइड्समध्ये हेच काम स्लाइड मेनूतल्या एडिट थीमने होतं. डावीकडच्या यादीत सगळ्यात वर जी मोठी स्लाइड आहे ती मास्टर, तिच्याखाली लटकलेले ते लेआउट. मास्टरवर गाइड, म्हणजे जुळवणीच्या मदत-रेषा, चालू करा. एक उभी गाइड १९.०५ वर येईल अशी ठेवा, आणि चारही कडांपासून दीड सेंटिमीटर आत समास धरा. पॉवरपॉइंटची गाइड स्लाइडच्या मध्यापासून मोजते, त्यामुळे ही उभी गाइड ओढताना मध्याच्या उजवीकडे २.१२ सेंटिमीटरच्या आसपास थांबायचं.

समास सोडला तर पट्टीत मजकुराला पावणेबारा-बारा सेंटिमीटर मिळतात. २४ पॉइंटच्या अक्षरात एका ओळीत चार-पाच शब्द. कमी वाटतील. पण म्हणूनच मुद्दा छोटा लिहावा लागतो.

रंग बारा घरांत भरा

पॉवरपॉइंटच्या थीममध्ये रंगांची बारा घरं असतात: मजकूर आणि पार्श्वभूमीसाठी दोन गडद आणि दोन फिके, सहा ॲक्सेंट (आकारांचे आणि चार्टचे रंग), आणि दोन लिंकसाठी. स्लाइड मास्टर उघडा असताना कलर्सवर जा, तिथे सगळ्यात खाली कस्टमाइझ कलर्स.

काळा अगदी शून्य नको. लाल १७, हिरवा १७, निळा १७ घ्या. छापील शाईच्या जवळ जातो. पांढराही शुभ्र नको. जुन्या कव्हरचा कागद किंचित पिवळसर झालेला असतो: २४४, २३९, २२८. निळा २८, ७८, १६०. पाण्याचा विषय म्हणून निळा. विषय वेगळा असेल तर ब्लू नोटच्या कव्हरांवर नारिंगी, पिवळा, हिरवा, विटकरी सगळे सापडतील, मात्र एका वेळी एकच.

घरं भरताना थोडं डोकं वापरावं लागतं. पॉवरपॉइंट नवा आकार किंवा चार्ट घातला की पहिला ॲक्सेंट उचलतो. तिथे निळा ठेवलात तर जिकडेतिकडे निळा होईल आणि त्याची किंमत जाईल. म्हणून पहिल्या ॲक्सेंटला काळा द्या, दुसऱ्याला निळा. तिसरा-चौथा करडे, पाचवा फिका निळा, सहाव्यात पुन्हा काळा भरला तरी हरकत नाही. लिंकची दोन्ही घरं निळी. उद्या सेक्रेटरी फाइल उघडून शीर्षक हिरवं करायला निघाले, तर थीमच्या रंगांत त्यांना हिरवा मिळणारच नाही. (मोअर कलर्समध्ये जाऊन ते करतीलच, त्याला इलाज नाही.)

आता वाचनीयतेचा हिशेब. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातल्या फरकाचं एक गुणोत्तर काढतात. वेबच्या सुगम्यतेच्या निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना ३ मागतात. आपला काळा या कागदी पांढऱ्यावर १६ च्या वर जातो. निळा कागदावर ७ च्या आसपास, म्हणजे उत्तम. उलट, निळ्या पार्श्वभूमीवर कागदी अक्षरंही तितकीच चांगली. पण काळ्यावर निळी अक्षरं अडीचच्याही खाली येतात. रात्रीच्या क्लबची हवा आणायला ती जोडी फार खुणावते. थीममधून ती बाद करा. काळ्या स्लाइडवर अक्षर कायम कागदी रंगाचं, निळा फक्त आकाराला.

अक्षरं: इथे घाई करू नका

आतापर्यंतचं सगळं कुठल्याही भाषेत तसंच चाललं असतं. अक्षरांपाशी मात्र माइल्स यांचे डाव जसेच्या तसे देवनागरीत येत नाहीत, आणि आणायचा हट्ट केला की स्लाइड विद्रूप होते.

पहिला डाव कॅपिटल आणि स्मॉलचा. पूर्ण नाव स्मॉलमध्ये लिहून ते शांत करायचं, किंवा सगळं कॅपिटलमध्ये घेऊन ओरडायचं. आपल्याकडे ती सोयच नाही. त्याऐवजी अक्षराची जाडी आणि रुंदी हाताशी आहे. 'अनेक देवनागरी' हा मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला फॉन्ट अरुंदपासून ऐसपैस रुंदीपर्यंत आणि बारीकपासून अतिजाडपर्यंत मिळतो. शीर्षकांना त्याचा अरुंद, अतिजाड प्रकार घ्या. मजकुराला त्यांचाच 'मुक्ता'. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत, दोन्हींत रोमन अक्षरंही जोडीला शोभतील अशी आहेत, त्यामुळे वाक्यात मध्येच एखादं इंग्रजी नाव आलं तरी ठिगळ दिसत नाही. 'अनेक' उतरवून घेताना त्या संचातल्या स्टॅटिक फोल्डरमधल्या सुट्या फाइली इन्स्टॉल करा, व्हेरिएबल फाइल पॉवरपॉइंटला नीट पेलत नाही. आणि जाड हवं तेव्हा बोल्डचं बटण दाबण्यापेक्षा यादीतून जाड प्रकारच निवडा.

दुसरा डाव अक्षरांमधली जागा वाढवण्याचा. रोमन अक्षरं लांब लांब मांडली की रुबाबदार दिसतात. देवनागरीत तेच केलंत तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. कॅरेक्टर स्पेसिंग नॉर्मलच राहू द्या. एवढं एक पाळलंत तरी आजूबाजूच्या निम्म्या मराठी स्लाइडींपेक्षा तुमची चांगली दिसेल.

तिसरा, ओळी एकमेकींना भिडवण्याचा. कॅपिटल अक्षरांना वर-खाली काही चिकटलेलं नसतं, त्यामुळे ती थरावर थर रचता येतात. आपल्याकडे वर वेलांट्या, मात्रा, रफार. खाली उकार, रुकार. आपलंच शीर्षक दोन ओळींत लिहून बघा. वर 'पाणी कुठे', खाली 'मुरतं?'. ओळींमधलं अंतर ०.८ केलं की 'कु'चा उकार खालच्या ओळीच्या शिरोरेषेवर येऊन टेकतो, आणि 'तं'वरचा अनुस्वार वरच्या ओळीत घुसायला बघतो. शीर्षकाला ०.९५ ते १, मजकुराला १.१५ ते १.२ एवढं ठेवा. फॉन्टनुसार थोडं इकडेतिकडे होईल. तपासायला नेहमी उकार आणि रफार दोन्ही असलेलं वाक्य टाइप करा, 'कमल बघ' असलं सपाट काही नको.

या सगळ्याच्या बदल्यात देवनागरीजवळ एक गोष्ट अशी आहे जी माइल्स यांच्याकडे नव्हती: शिरोरेषा. जाड फॉन्टमध्ये ती जवळजवळ एक आडवी पट्टीच असते. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभं राहतं, आपलं वरच्या रेषेला लटकतं. म्हणून फोटोशेजारी शीर्षक लावताना अक्षरांचा तळ फोटोच्या तळाशी जुळवत बसू नका. शिरोरेषा फोटोच्या वरच्या कडेला जुळवा. मजकुराची चौकट वर-खाली सरकवून हे डोळ्यांनीच करावं लागतं, कारण सॉफ्टवेअर चौकट जुळवतं, शिरोरेषा नाही. एकदा लेआउटमध्ये जुळवून ठेवलं की पुढे प्रत्येक स्लाइडवर आपोआप मिळतं.

फॉन्ट थीममध्ये बसवताना एक अडचण हमखास येते. फॉन्ट्समध्ये जाऊन तुम्ही 'मुक्ता' निवडता, इंग्रजी अक्षरं बदलतात, मराठी मात्र 'मंगल' किंवा 'निर्मला'मध्येच राहते. पॉवरपॉइंट देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट धरून चालतो, त्याचा हा परिणाम. यावर साधा उपाय: मास्टरवरच्या शीर्षकाच्या आणि मजकुराच्या चौकटी एकेक निवडून फॉन्ट थेट लावा. मग मास्टर बंद करून नवी स्लाइड घ्या आणि मराठीत दोन ओळी टाइप करून बघा. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले अहवाल असतील, तर त्यातला मजकूर चिकटवल्यावर अगम्य चिन्हं दिसतील. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

मापं तीनच ठेवा. शीर्षकाच्या स्लाइडवर १०० च्या वर, आतल्या शीर्षकांना ४४, मजकुराला २४. फोटोखालच्या ओळीला १४ चालतं. ३२ आणि २८ या मधल्या मापांकडे हात जाईल, तेव्हा नियमांचा कागद बघा.

शीर्षकाची स्लाइड

हिला थोडा वेळ द्या, थीमची ओळख हिच्यावरून होते. पार्श्वभूमी कागदी. 'पाणी कुठे मुरतं?' अतिजाड काळ्या अक्षरांत, चौकोनभर, दोन ओळींत. आता 'युनिटी'तले ठिपके आठवा. आपल्या शीर्षकात एक ठिपका आयता आहे: 'तं'वरचा अनुस्वार. तो निळा करा. थेंब झाला.

टाइप केलेल्या अक्षरातला नुसता अनुस्वार वेगळ्या रंगात करणं पॉवरपॉइंटमध्ये सरळ जमत नाही. शिफ्ट दाबून धरून एक नेमकं वर्तुळ काढा, निळं भरा, कडेची रेघ काढून टाका आणि ते अनुस्वारावर असं ठेवा की खालचा काळा ठिपका पूर्ण झाकला जाईल; म्हणजे किंचित मोठंच घ्या. मग तेच वर्तुळ डुप्लिकेट करून त्याच्या बरोबर खाली, स्लाइडच्या तळकडेला अर्धं कापलं जाईल असं ठेवा. एक वर लटकलेला, एक खाली मुरत असलेला. शीर्षक लेआउटच्या तयार चौकटीत (प्लेसहोल्डरमध्ये) असेल तर ते ग्रुप होत नाही, म्हणून ते साध्या टेक्स्ट बॉक्समध्ये घ्या. मग सगळं एकत्र निवडून ग्रुप करा, नाहीतर पुढे कुणी शीर्षक जरा हलवलं की थेंब भलत्याच अक्षरावर जाऊन बसेल.

उजव्या पट्टीत वर सोसायटीचं नाव, तळाशी सभेची तारीख, दोन्ही लहान. मधली जागा मोकळी. तिथे इमारतीचा फोटो टाकावा असं कुणीतरी सुचवेलच. टाकू नका.

तुमच्या विषयाच्या शीर्षकात अनुस्वार नसेल तर दुसरं काही सापडतं का बघा: काना खांबासारखा वापरता येतो, विसर्गाचे दोन ठिपके असतात, प्रश्नचिन्ह असतं, पूर्णविराम असतो. काहीच नसेल तर नुसती मोठी अक्षरं ठेवा. ओढूनताणून केलेली कोटी साध्या शीर्षकापेक्षा वाईट.

फोटो

फोटो मोबाइलवर काढलेले चालतात, उलट अशा विषयाला तेच बरे. टाकीतला बॉलकॉक, गंजलेला सांधा, मीटरची तबकडी. वुल्फ यांच्या फोटोंत वादक अंधारातून उजळून बाहेर आल्यासारखे दिसतात. पंपाच्या खोलीत टॉर्च बाजूने मारून फोटो काढलात तर गंजलेला पाइपही तसा दिसतो.

फोटो निवडून पिक्चर फॉर्मॅटमधल्या कलरवर जा. रीकलरमध्ये थीमच्या ॲक्सेंटवरून केलेल्या छटा दिसतील. दुसऱ्या ॲक्सेंटची गडद छटा घ्या. सगळा फोटो काळा-निळा होईल. गूगल स्लाइड्समध्ये फॉर्मॅट ऑप्शन्समध्ये रीकलर आहे. चार वेगवेगळ्या फोनवर, वेगवेगळ्या उजेडात काढलेले फोटो एका छटेत आले की एकाच माणसाने काढल्यासारखे वाटतात. मात्र सगळेच निळे करू नका. बरेचसे नुसते काळे-पांढरे ठेवा, ज्या ठिकाणी गळती सापडली तेवढाच निळा.

आता कापणं. माइल्स वुल्फ यांचे फोटो इतके निर्दयपणे कापत की कपाळही अर्धं जाई, आणि वुल्फ यांना ते आवडत नसे. तुम्हीही कापा. अख्खी टाकी दाखवायची गरज नाही. बॉलकॉकचा दांडा आणि पाण्याची पातळी एवढंच चौकोनात बसवा.

पाच लेआउट, बाकीचे काढून टाका

पॉवरपॉइंटच्या मूळ थीमसोबत ११ लेआउट येतात. आपल्याला पाच पुरतात.

शीर्षक झालं. विभाग बदलताना पूर्ण निळी स्लाइड आणि कागदी रंगात एकच शब्द: 'टाक्या', 'पाइप', 'खर्च'. तिसरा, फोटो आणि मजकुराचा: डावीकडे चौकोनात चित्राचा प्लेसहोल्डर, उजवीकडे मजकुराचा. इन्सर्ट प्लेसहोल्डरमधून पिक्चर निवडून तो बरोबर १९.०५ च्या चौकोनात, कडेला कड लावून बसवा. मग टाकलेला कुठलाही फोटो आपोआप चौकोनात कापला जातो. चौथा, एकाच आकड्याचा: चौकोनात २०० पॉइंटच्या वरचा आकडा, पट्टीत तो कशाचा हे सांगणारी एक ओळ. पाचवा, चार्ट किंवा तक्त्याचा.

मुद्द्यांच्या यादीसाठी लेआउट नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तिसऱ्यात तीन मुद्दे बसतात. चौथा आला तर नवी स्लाइड घ्या, स्लाइडला पैसे पडत नाहीत.

चार्ट साध्या उभ्या स्तंभांचा ठेवा. मागच्या जाळीच्या रेघा, चौकट, लेजंड सगळं काढा. पहिल्या ॲक्सेंटला काळा दिल्यामुळे स्तंभ आपोआप काळे येतील. ज्या महिन्याबद्दल बोलायचं आहे त्या एकाच स्तंभावर दोनदा, पण सावकाश, क्लिक करा म्हणजे तेवढाच निवडला जाईल, आणि त्याला निळा द्या. स्तंभांमधली फट कमी करा, गॅप विड्थ ३० टक्क्यांपर्यंत आणली तर रांग भरदार दिसते. चार्टमधले आकडे बहुधा इंग्रजी अंकांत येतात. एकतर सगळ्या स्लाइडींवर तेच अंक ठेवा, किंवा चार्टवरची लेबलं काढून हवा तो आकडा मराठीत हाताने लिहा. एकाच स्लाइडवर दोन्ही नको.

पान क्रमांक उजव्या पट्टीच्या तळाशी, १४ पॉइंटमध्ये, बाजूला छोटा निळा ठिपका. शीर्षकातला थेंब एवढ्याच रूपात पुढे येऊ द्या. न वापरलेले लेआउट यादीतून निवडून डिलीट करा. एखादा जात नसेल तर कुठली तरी स्लाइड तो वापरते आहे. ॲनिमेशन शक्यतो नकोच. हवंच असेल तर फक्त निळ्या स्तंभाला.

हक्कांबद्दल थोडक्यात

मूळ कव्हरं आणि त्यांवरचे फोटो कुणाच्या तरी मालकीचे आहेत. ते स्कॅन करून थीममध्ये पार्श्वभूमी म्हणून घालू नका, कंपनीचा लोगो तर नकोच. रंग कमी वापरणं, अक्षर मोठं घेणं, फोटो कापणं यावर मात्र कुणाची मालकी नाही. अभ्यासाची ती पहिली स्लाइड आता डिलीट करा.

जतन करणं आणि तपासणं

मास्टर बंद करा. डिझाइन टॅबमध्ये थीम्सच्या यादीच्या तळाशी सेव्ह करंट थीम आहे. रंग, फॉन्ट आणि लेआउट त्यात जातात. नमुन्याच्या स्लाइडींसकट दुसऱ्यांना द्यायचं असेल तर सेव्ह ॲजमध्ये टेम्प्लेट हा प्रकार निवडा. विंडोजवर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या वाटेने फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करायची सोय आहे, ती चालू करा. तरीही सभागृहातल्या परक्या लॅपटॉपवर भरवसा नको. पीडीएफ काढून पेनड्राइव्हवर सोबत ठेवा. त्यात अक्षरं हलत नाहीत.

मग तीन तपासण्या. स्लाइड सॉर्टरमध्ये सगळ्या स्लाइडी लहान करून बघा: प्रत्येकीत एक मोठी गोष्ट दिसते का, आणि पान क्रमांकाजवळचा ठिपका सोडून निळा किती स्लाइडींवर आहे? अर्ध्याहून जास्त स्लाइडींवर असेल तर कमी करा. दुसरी, जमलं तर प्रत्यक्ष प्रोजेक्टरवर, दिवे चालू ठेवून. स्वस्त प्रोजेक्टरवर कागदी पिवळसरपणा पार उडतो, त्याला इलाज नाही. पण निळा जर काळ्यात मिसळत असेल तर तो दहा-पंधरा अंकांनी उजळ करा. रंग थीममधूनच बदला, म्हणजे सगळीकडे एकदम बदलतो.

तिसरी तपासणी बहुतेक जण विसरतात. सभेत कागदाच्या प्रती वाटल्या जातात आणि त्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स असतात. बाकीची थीम तिथे फार छान उतरते, दोन रंगांच्या छपाईचाच हा फायदा. पण चार्टची स्लाइड काढून बघा: निळा आणि काळा स्तंभ सारखेच काळपट आलेले दिसतील, आणि ज्या महिन्याबद्दल तुम्ही बोलणार तोच शोधावा लागेल. त्या एका स्तंभाच्या डोक्यावर आकडा लिहा, बाकीच्या स्तंभांवर काही लिहू नका. पडद्यावर रंग काम करेल, कागदावर आकडा.